गोलरक्षक आणि त्याला उभे करणारे

फुटबॉलच्या किंवा हॉकीच्या मैदानावर संघातले दहा खेळाडू एका रंगाच्या पोशाखात असतात आणि अकरावा वेगळ्या रंगाच्या. पंचाला तो चटकन ओळखता यावा, म्हणून हा नियम केलेला आहे. पण पंचाची जी सोय झाली, तीच प्रेक्षकांचीही झाली. दोष कोणाला द्यायचा, हे शोधण्याचे श्रम त्यांना पडत नाहीत. आघाडीच्या खेळाडूने पाच संधी दवडल्या आणि सहाव्या संधीला गोल केला, तर त्याला खांद्यावर घेऊन नाचतात. गोलरक्षकाने पाच फटके अडवले आणि सहावा निसटला, तर घरी परतताना लोक त्या सहाव्याविषयीच बोलतात.

श्रोतेहो, गोलरक्षकाची कैफियत मांडणे हा आजच्या भाषणाचा हेतू नाही. ती बहुतेकांना मान्यच असते. मला बोलायचे आहे ते प्रेक्षकांना सहसा न दिसणाऱ्या एका दुसऱ्या माणसाविषयी. गोलरक्षकाला निवडणारा, त्याला त्या दोन खांबांमध्ये उभा करणारा, बदलायचा की नाही हे ठरवणारा कोणीतरी असतो. त्याला कोठे व्यवस्थापक म्हणतात, कोठे प्रशिक्षक, कोठे निवड समिती, तर कोठे क्लबाचे कार्यवाह. गोल झाल्यावर या माणसाची जबाबदारी किती, हा आजचा प्रश्न आहे.

या प्रश्नासाठी कोलकात्यासारखे दुसरे गाव नाही. आपल्या देशातल्या संघटित हॉकीचा आरंभ तेथे झाला. बेटन चषकाची स्पर्धा तेथे १८९५ साली सुरू झाली आणि देशातली पहिली हॉकी संघटना तेथेच १९०८ साली स्थापन झाली. पण त्या शहराचा जीव गुंतला तो फुटबॉलमध्ये. किल्ल्यासमोरच्या विस्तीर्ण हिरवळीवर, ज्याला तेथे नुसते 'मैदान' म्हणतात, तेथे क्लबांच्या कचेऱ्या आहेत आणि त्यांना अजूनही 'तंबू' म्हणण्याचा प्रघात आहे. १८८९ साली स्थापन झालेला मोहन बागान हा पश्चिम बंगालच्या मूळ रहिवाशांचा, आणि १९२० साली स्थापन झालेला ईस्ट बंगाल हा पूर्वेकडून आलेल्यांचा, अशी लोकांच्या मनातली वाटणी. मोहन बागान जिंकला की बाजारात कोळंबीला मागणी येते आणि ईस्ट बंगाल जिंकला की हिल्सा माशाला, असे तेथे कौतुकाने सांगतात. जेथे एका गोलाने घरातला स्वयंपाक बदलतो, तेथे गोलरक्षकाच्या वाट्याला काय येत असेल, याची कल्पना आपण करू शकतो.

३० सप्टेंबर १९७५ हा दिवस कोलकात्यातला फुटबॉलप्रेमी माणूस विसरलेला नाही. आय. एफ. ए. शील्डचा अंतिम सामना होता आणि हेच दोन संघ समोरासमोर होते. ईस्ट बंगालचा तो भरभराटीचा काळ होता. १९७० पासून सलग सहा वर्षे कलकत्ता लीग त्यांनी जिंकली होती आणि प्रशिक्षक प्रदीपकुमार बॅनर्जी यांनी संघाची घडी पक्की बसवली होती. मोहन बागानच्या गोलात भास्कर गांगुली नावाचा तरुण उभा होता. त्याच्या कारकिर्दीचा तो आरंभ होता. पाचव्या मिनिटाला सुरजित सेनगुप्ता यांनी पहिला गोल केला. त्यानंतर श्याम थापा यांचा एक आणि रणजित मुखर्जी यांचा एक. मध्यंतरापर्यंत तीन गोल चढले होते. उत्तरार्धात थापा यांनी आणखी एक केला. चार गोल झाले, तेव्हा गांगुलीला बाहेर बोलावण्यात आले आणि प्रशांत मित्र यांना गोलात पाठवण्यात आले. पाचवा गोल त्यांच्यावर झाला, तो शुभंकर सान्याल यांचा. सामना संपला तो ५-० असा.

त्या रात्री शहराच्या एका भागात जल्लोष होता आणि दुसऱ्या भागात सुतक. चिडलेल्या समर्थकांपासून बचाव करण्यासाठी मोहन बागानच्या काही खेळाडूंनी ती रात्र गंगेत होडीवर काढली, असे सांगितले जाते. आणि एका तरुण समर्थकाने या पराभवाच्या दुःखाने आपला जीव दिला. खेळाच्या मापाने ज्याची भरपाई होऊच शकत नाही, अशी ती हानी होती. ती घडली म्हणूनच या सामन्याविषयी बोलताना जबाबदारी हा शब्द हलकेपणाने वापरता येत नाही.

आता आपण शांतपणे विचार करू. जाळ्यात चेंडू गेला तो गोलरक्षकाच्या हातून निसटून, हे खरे. पण तो निसटण्यापूर्वी किती निर्णय झालेले होते, हे मोजून पाहावे. इतक्या मोठ्या सामन्यात नवख्या गोलरक्षकाला उतरवायचे, हा पहिला निर्णय. त्याच्यापुढे बचावफळी कोणती आणि कशी लावायची, हा दुसरा. राखीव गोलरक्षकाची तयारी किती करून घ्यायची, हा तिसरा. आणि त्याला बाहेर बोलवायचे तर केव्हा, पहिल्या गोलानंतर, मध्यंतराला की चौथ्या गोलानंतर, हा चौथा. या चारांपैकी एकही निर्णय त्या तरुणाने घेतलेला नव्हता. चारही त्याच्या वतीने दुसऱ्यांनी घेतले होते. फळ मात्र प्रेक्षकांनी त्याच्या पदरात घातले.

पुढे काय झाले, तेही पाहण्यासारखे आहे. मोहन बागानची आणि भास्कर गांगुली यांची साथ सुटली. त्या काळी कोलकात्यात खेळाडूंनी क्लब बदलण्याचा हंगाम असे. सुटरकिन स्ट्रीटवरच्या आय. एफ. ए.च्या कचेरीत नोंदणी होई आणि कोणता खेळाडू कोणत्या क्लबाच्या माणसांबरोबर जिना चढतो, हे पाहायला रस्त्यावर गर्दी जमे. गांगुली गेले ते ईस्ट बंगालमध्ये, म्हणजे ज्या संघाने त्यांच्यावर गोल चढवले होते त्याच संघाच्या गोलात जाऊन उभे राहिले. तेथे ते देशातल्या अव्वल गोलरक्षकांत गणले जाऊ लागले, आणि १९८२ साली दिल्लीला आशियाई क्रीडा स्पर्धा भरल्या तेव्हा भारतीय फुटबॉल संघाचे कर्णधारपद त्यांच्याकडे होते.

यावरून एक घाईचा निष्कर्ष काढण्याचा मोह होतो. तो असा की, माणूस गुणी होता, तेव्हा त्याला उतरवणारे बरोबरच होते आणि प्रेक्षक तेवढे चुकले. मला तसे वाटत नाही. माणूस गुणी असणे आणि त्या दिवशी त्याला उतरवणे योग्य असणे, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. रोप जातिवंत असले, तरी ते कोणत्या महिन्यात लावायचे हे माळ्याने ठरवायचे असते. उन्हाळ्यात लावलेले रोप करपले, तर रोपाला नावे ठेवत नाहीत. ईस्ट बंगालच्या चालकांनी त्या पाच गोलांपलीकडे पाहिले, ही त्यांची दृष्टी. मोहन बागाननेही एक शहाणपण दाखवले, ते असे की पुढच्या वर्षी त्यांनी नुसता गोलरक्षक बदलला नाही. १९७६ साली प्रदीपकुमार बॅनर्जी यांनाच त्यांनी आपल्याकडे आणले. रोग केवळ गोलात नव्हता, ही त्यात दिलेली कबुलीच होती. १९७७ साली शील्ड, ड्युरँड आणि मुंबईचा रोव्हर्स चषक या तिन्ही स्पर्धा मोहन बागानने जिंकल्या. त्याच वर्षी २४ सप्टेंबरला ईडन गार्डन्सच्या भिजलेल्या मैदानावर पेले यांच्या कॉसमॉस संघाशी त्यांनी २-२ अशी बरोबरी केली. त्या दिवशी गोलात होते शिवाजी बॅनर्जी. बंगाली माणूस ते नाव 'शिबाजी' असे उच्चारतो, पण मराठी कानाला त्याचा आनंद झाल्यावाचून राहत नाही.

कोलकात्यातली ही गोष्ट वीस वर्षांनी सातासमुद्रापलीकडे जवळजवळ जशीच्या तशी घडली. कॅनडात आणि अमेरिकेत बर्फावरची हॉकी खेळतात. तेथील व्यावसायिक संघांत प्रशिक्षकाच्या वर महाव्यवस्थापक नावाचा अधिकारी असतो. कोणता खेळाडू घ्यायचा, किती वर्षांचा करार करायचा, कोणाच्या बदल्यात कोणाला द्यायचे, प्रशिक्षक कोण नेमायचा, हे सारे त्याच्या हाती. मॉन्ट्रियलच्या संघाने १९९५ च्या ऑक्टोबरात रेजाँ ऊल यांना महाव्यवस्थापक आणि मारिओ ट्राँब्ले यांना प्रशिक्षक नेमले. गोलरक्षक होते पॅट्रिक रुआ, ज्यांनी १९८६ आणि १९९३ साली संघाला स्टॅन्ली चषक मिळवून दिला होता. २ डिसेंबर १९९५ रोजी डेट्रॉइटविरुद्ध गोलांवर गोल होत गेले. सर्वसाधारणपणे अशा वेळी गोलरक्षकाला लवकर बाहेर घेतात. रुआ यांना नऊ गोल होईपर्यंत उभे ठेवण्यात आले. बाहेर आल्यावर ते सरळ संघाच्या अध्यक्षांपाशी गेले आणि मॉन्ट्रियलसाठी हा आपला शेवटचा सामना, असे त्यांनी सांगून टाकले. चार दिवसांनी त्यांची रवानगी कोलोरॅडोच्या संघात झाली. १९९६ च्या जून महिन्यात कोलोरॅडोने स्टॅन्ली चषक जिंकला, तेव्हा गोलात रुआच होते.

येथे कोणाचे चुकले, याची चर्चा त्या देशात पुष्कळ झाली. मला त्यातला एकच मुद्दा उचलायचा आहे. गोलरक्षकाला किती वेळ उभे ठेवायचे, हा खेळातला निर्णय आहे. तो रागाने किंवा मानापमानाने घेतला, तर एका संध्याकाळी झालेल्या नऊ गोलांपेक्षा कितीतरी अधिक किंमत संघाला द्यावी लागते. आणि प्रशिक्षकाने घातलेला गुंता सोडवण्याची पाळी आली, की ती महाव्यवस्थापकावर येते.

मग निवडणाऱ्याने गोलरक्षकाची पारख करावी तरी कशी? झालेले गोल मोजून, हे सर्वांत सोपे उत्तर, आणि सर्वांत फसवे. याचे उदाहरण आपल्या नागपूरनेच दिले आहे. रिचर्ड ॲलन हे नागपुरात जन्मलेले हॉकीचे गोलरक्षक. पुढे ते कलकत्त्याच्या मैदानावर गाजले. १९२८ साली ॲम्स्टरडॅम ऑलिंपिकमध्ये भारताने पाच सामन्यांत २९ गोल केले आणि ॲलन यांच्यावर एकही झाला नाही. हा विक्रम थोरच. पण ध्यानचंद यांच्यासारखे खेळाडू पुढे असताना चेंडू मागे कितीदा आला असेल? १९३२ साली अमेरिकेविरुद्ध भारताने २४-१ असा विजय मिळवला. त्यातला तो एक गोल झाला तेव्हा ॲलन गोलामागे उभ्या असलेल्यांना स्वाक्षऱ्या देत होते, अशी आख्यायिका आहे. ती खरी असो वा रचलेली, तिचे मर्म खरे आहे. शून्य हा आकडाही साऱ्या संघाचा असतो आणि पाच हा आकडाही.

थोडे गणित करू. श्रोत्यांनी कंटाळू नये, ते पाढ्यांइतके सोपे आहे. फुटबॉलचा गोल २४ फूट रुंद आणि ८ फूट उंच. त्याच्या रोखाने नेमके आलेले दहा फटके घेतले, तर चांगला गोलरक्षक त्यांतले सुमारे सात अडवतो. एका सामन्यात असे पाच फटके आले असे धरा. तर शंभर सामन्यांपैकी सुमारे तीन सामन्यांत, त्याची कोणतीही चूक नसताना, केवळ योगायोगाने त्या पाचांतले चार किंवा पाचही फटके आत जातील. म्हणजे तीस सामन्यांच्या हंगामात एखादा असा काळा दिवस चांगल्या गोलरक्षकाच्याही वाट्याला यायचाच. तो दिवस साध्या सामन्यात आला तर लोक विसरतात, शील्डच्या अंतिम सामन्यात आला तर पन्नास वर्षे सांगतात. बर्फावरच्या हॉकीत गोल लहान असतो, ६ फूट रुंद आणि ४ फूट उंच. पण फटके सामन्याला तीस-तीस येतात आणि गोलरक्षक दहातले नऊ अडवतो. तेथे शंभरात एका फटक्याचा फरक क्षुल्लक वाटतो. पण हंगामात १,८०० फटके आले, तर त्या फरकाचे १८ गोल होतात. एवढ्याने कित्येक सामने इकडचे तिकडे होतील. तात्पर्य असे की, एका दुपारवरून गोलरक्षकाची लायकी कळत नाही आणि लहानसा उणेपणा वर्षभर झाकूनही राहत नाही. निवडणाऱ्याला धीरही हवा आणि नोंदवहीही हवी.

धीर म्हणजे हट्ट नव्हे, हे मात्र लगेच सांगितले पाहिजे. आपण निवडलेला माणूस चुकीचा ठरला हे दिसत असूनही, आपला शब्द खाली पडू नये म्हणून त्यालाच पुन्हा पुन्हा उभे करणारे व्यवस्थापक सर्व देशांत आढळतात. ते वरवर गोलरक्षकाची पाठराखण करत असतात. वास्तविक ते स्वतःची पाठराखण करत असतात, आणि ढाल म्हणून गोलरक्षकाला पुढे धरतात.

धीर आणि निर्णय यांचा मेळ कसा घालावा, हे सय्यद अब्दुल रहीम यांनी दाखवले. १९६२ साली जकार्ता येथे आशियाई स्पर्धेत भारतीय फुटबॉल संघ त्यांच्या मार्गदर्शनाखाली खेळत होता. दक्षिण कोरियाविरुद्धचा पहिला सामना भारताने ०-२ असा गमावला होता. उपान्त्य सामन्यात गोलात होते बंगालचे प्रद्योत बर्मन. अंतिम सामन्यात पुन्हा दक्षिण कोरियाच समोर आला, तेव्हा रहीम यांनी नुकतेच आजारातून उठलेल्या उंचापुऱ्या पीटर थंगराज यांना गोलात उभे केले. डोक्याला टाके पडलेल्या जर्नेलसिंग यांना त्यांनी बचावातून काढून आघाडीला खेळवले. दोन्ही निर्णय धाडसाचे होते. भारत २-१ असा जिंकला आणि एक गोल जर्नेलसिंग यांचा होता. उलटे झाले असते तर? तर दोष थंगराज यांच्या आजारपणावर गेला नसता, तो रहीम यांच्याकडे आला असता, कारण विचारपूर्वक पत्करलेला धोका कोणाचा होता हे सर्वांना ठाऊक होते. पुढच्याच वर्षी रहीम निवर्तले. त्यांच्यानंतर आशियाई फुटबॉलचे सुवर्णपदक भारताच्या हाती लागलेले नाही.

याच्या उलट चित्र दिसले ते १९८२ साली, दिल्लीत. मघाशी ज्या स्पर्धेचा उल्लेख केला, तीच ही. हॉकीच्या अंतिम सामन्यात पाकिस्तानने भारताला ७-१ असे हरवले. गोलात होते मीररंजन नेगी. संघ अकरा जणांचा होता, त्याला निवडणारे होते, शिकवणारे होते. पण सात गोलांचा सारा हिशेब एका माणसाच्या खात्यावर मांडला गेला. एवढ्यावर न थांबता, त्यांनी पैसे घेऊन गोल होऊ दिले, असा आरोपही पिकवला गेला. त्याला आधार नव्हता, पण त्यांचे खेळणे त्याने संपवले. त्या वेळी अधिकाराच्या जागेवरून 'हा आमचा निर्णय होता, याला आम्ही निवडले होते' एवढे वाक्य ठामपणे उच्चारले गेले असते, तर एका खेळाडूच्या आयुष्यातली कित्येक वर्षे वाचली असती. नेगी मात्र खेळाकडे परत आले. १९९८ साली बँकॉकच्या आशियाई स्पर्धेत भारताने बत्तीस वर्षांनंतर हॉकीचे सुवर्णपदक मिळवले, तेव्हा गोलरक्षकांना शिकवणारे तेच होते. अंतिम सामन्याचा निकाल टायब्रेकरवर गेला आणि गोलरक्षक आशिष बल्लाळ यांनी तो भारताच्या बाजूने झुकवला. २००२ साली मँचेस्टरच्या राष्ट्रकुल स्पर्धेत सुवर्णपदक मिळवणाऱ्या महिला संघाबरोबरही नेगी होते.

या सर्वांतून व्यवस्थापकाच्या जबाबदारीचे स्वरूप स्पष्ट होते, असे मला वाटते. निवडीपूर्वी तिची कारणे स्वतःशी तरी स्पष्ट असावीत, म्हणजे निकालानंतर नवी कारणे शोधावी लागत नाहीत. मुख्य गोलरक्षकाइतकीच राखीव गोलरक्षकाची तयारी करून घ्यावी, कारण ऐन वेळी ज्याला पाठवायचे त्याला कधीच खेळवलेले नसेल, तर तो बदल नव्हे, ती घबराट. चूक उमगली तर ती लवकर सुधारावी, आणि सुधारताना माणसाची अप्रतिष्ठा करू नये. शेवटची गोष्ट सर्वांत अवघड. हरल्यावर वृत्तपत्रांपुढे प्रथम स्वतः उभे राहावे. विजयाच्या वेळी निवडणाऱ्याचे छायाचित्र संघाबरोबर छापले जाते. पराभवाच्या दिवशीही त्याने त्याच चौकटीत उभे राहिले पाहिजे.

हे केवळ मैदानापुरते आहे, असे कोणी समजू नये. आपल्या शाळांत, संस्थांत, कचेऱ्यांत शेवटच्या रेषेवर उभा केलेला एक माणूस असतो. रोकड मोजणारा असतो, रात्रीच्या पाळीचा पहारेकरी असतो, नुकताच नोकरीला लागलेला एखादा शिक्षक असतो. वरचे सारे अडसर ओलांडून आलेली चूक त्याच्यापाशी येऊन थडकते आणि त्याच्याच नावावर लागते. त्याला तेथे कोणी आणि कोणत्या तयारीनिशी उभे केले, हे विचारण्याची सवय आपण लावून घेतली पाहिजे.

गोल झाल्यावर दहा खेळाडू मध्यरेषेकडे वळतात. जाळ्यातला चेंडू बाहेर काढण्यासाठी वाकतो तो गोलरक्षक. तेवढा क्षण त्याला एकट्याने काढावा लागतो, त्याला इलाज नाही. पण सामना संपल्यावर मैदानाबाहेर पडताना त्याच्या शेजारून चालणारे कोणीतरी असले पाहिजे, आणि ते त्याला तेथे उभे करणाऱ्याचे काम आहे.